पालुपीची पाचवी सही

१

पालुपीला जाऊन शंभर दिवस झाले, त्या सकाळी तिचं पुस्तक चोरीला गेल्याचं तिच्या नवऱ्याला, हर्जोनोला कळलं. कळवलं ते चोरानेच, छापील आमंत्रण पाठवून.

घरात शंभराव्या दिवसाच्या प्रार्थनेची तयारी चालली होती. शेजारच्या बायका मागच्या अंगणात नारळाच्या दुधात भात शिजवत होत्या, बांबूच्या टोपल्यांत केळीची पानं अंथरत होत्या. विद्यापीठाचा शिपाई मोटरसायकलवरून आला आणि एक जाड पाकीट देऊन गेला. हर्जोनोला वाटलं, शोकपत्र असेल. उशिरा का होईना, आठवण झाली म्हणायची.

आत सोनेरी अक्षरांचं कार्ड होतं. कायदा विभागाचे डीन डॉ. बस्कोरो यांना गुरुबेसार हे विद्यापीठातलं सर्वांत वरचं प्राध्यापकपद मिळत होतं. समारंभ पुढच्या शनिवारी. त्यांच्या भाषणाचा विषय खाली दिला होता: ‘चोरीच्या चारशे अठरा खटल्यांतले कबुलीजबाब’.

चारशे अठरा. हा आकडा हर्जोनोला आपल्या जन्मतारखेसारखा पाठ होता. केर्तोसारीच्या जिल्हा न्यायालयात त्याने एकतीस वर्षं काढली, शेवटची चौदा शिरस्तेदार म्हणून. ते चारशे अठरा खटले त्याने स्वतः न्यायाधीशांची परवानगी काढून दप्तरखान्यातून एकेक करून बाहेर आणले होते. पालुपी मागच्या बाकावर बसून ते उतरवून घ्यायची. विद्यापीठात फौजदारी कायदा शिकवायचा, दुपारी न्यायालयात यायचं, पाच वाजता दप्तरखाना बंद झाला की दोघांनी एकाच स्कूटरवरून घरी जायचं. अशी अकरा वर्षं.

याच पदासाठी तिने तीनदा अर्ज केला आणि तीनदा तो परत आला. गुण कमी पडतात म्हणून. लेख तिचे, पण प्रत्येक लेखावर आधी वरिष्ठाचं नाव घालायचं अशी तिथली रीत, आणि गुण पहिल्या नावाला. चौथ्यांदा तिने अर्ज केलाच नाही. तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेली होती.

पाकिटात आणखी एक कागद होता. गैरसमज नको म्हणून सोबत संमतिपत्राची प्रत जोडत आहे, असं बस्कोरोने हाताने लिहिलं होतं. हर्जोनोने प्रत वाचली. मी, डॉ. पालुपी, जाहीर करते, की हे संशोधन डीन डॉ. बस्कोरो यांच्या कल्पनेतून व मार्गदर्शनाखाली झालं असून यापुढे त्यावर माझा हक्क राहणार नाही. तारीख ९ फेब्रुवारी २०२३. साक्षीदार, ॲडव्होकेट गुंतूर. तळाशी चिकटवलेल्या मुद्रांकाचा काळा डाग, आडवा, चांगला रुंद, आणि त्यावरून गेलेली सही.

खोट्या सह्या ओळखण्यात हर्जोनोचा हात धरणारा त्या न्यायालयात कोणी नव्हता. तो कागद घेऊन खिडकीशी गेला. पहिल्या अक्षराचा मोठा वळसा पाहिला, मधली गाठ पाहिली, शेवटी खाली ओढलेली रेघ पाहिली. पुन्हा पाहिली.

सही पालुपीचीच होती.

२

दुसऱ्या दिवशी तो तिच्या विभागात गेला. तिचं कपाट मोकळं होतं. खालच्या कप्प्यात दोन खोकी असायची. एकात उतरवून घेतलेले खटले, दुसऱ्यात टंकलेलं पुस्तक. खोक्यांच्या जागी आता धुळीचे दोन चौकोन होते.

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक पालुपीकडची, आता हर्जोनोच्या खिशात. दुसरी तियासकडे. तियास सहा वर्षं पालुपीची मदतनीस होती, त्यांच्या घरी जेवायची, डायलिसिसला सोबत यायची, पालुपीला आदराने ‘बू’ म्हणजे बाई आणि हर्जोनोला ‘पाक’ म्हणजे साहेब म्हणायची. जूनमध्ये ती कायम नोकरीत लागली होती. ही बातमी तिने हर्जोनोला सांगितली नव्हती, शेजाऱ्याकडून कळली होती.

तो दारात दिसताच ती उभी राहिली, पण वर बघेना. हर्जोनोने खोकी कुठे आहेत विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. मे महिन्यात डीनसाहेबांनी मागितली, तिने दिली. घरच्यांची परवानगी आहे, असं ते म्हणाले होते.

“मला एक फोन करावासा वाटला नाही तुला?”

“तुम्ही तेव्हा कुणाशी बोलत नव्हता, पाक. मी दोनदा आले. तुम्ही दारच उघडलं नाहीत.”

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून त्याला जास्तच राग आला. नोकरी काय भावाला पडली, असं त्याने विचारलं. तियासचा चेहरा उतरला. तिने टेबलाच्या खणातून भाषणाचा मसुदा काढून त्याच्या पुढे ठेवला आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं.

पालुपीच्या पुस्तकात सात प्रकरणं होती. भाषणात सहाच. सातवं गाळलं होतं. ते प्रकरण कोऱ्या कागदांवर होतं. चारशे अठरांपैकी एकसष्ट आरोपींनी सांगितलं होतं, की पोलीस ठाण्यात आमची सही कोऱ्या कागदावर घेतली आणि कबुली वर नंतर छापली. पालुपी म्हणायची, बाकीची सहा प्रकरणं या सातव्याकडे जायची वाट आहेत.

“पोलीसप्रमुख पहिल्या रांगेत बसणार आहेत,” तियास म्हणाली. “त्यांच्यासमोर हे वाचायचं कसं?”

मग हर्जोनोने तारखेचं विचारलं. नऊ फेब्रुवारीला पालुपी इथे आली होती का? तियासला तसं आठवत नव्हतं. त्या महिन्यात बू पालुपी एकट्या पायऱ्याच चढू शकत नव्हत्या, जिथे जायच्या तिथे मी सोबत असायचे, असं ती म्हणाली. डीनच्या खोलीत आपण त्यांना कधी नेलं नाही, हे मात्र पक्कं.

“हे लिहून देशील?”

कायम म्हटलं तरी पहिलं वर्षभर तियासची नोकरी परिवीक्षेवर होती आणि अहवाल डीनच लिहिणार होते. धाकट्या दोन भावांची शाळा तिच्यावर होती. हे सगळं हर्जोनोला माहीत होतं.

“नाही, पाक,” ती म्हणाली.

३

बस्कोरोने त्याला ताटकळत ठेवलं नाही. उलट दारापर्यंत आला, दोन्ही हातांनी हात धरला, गोड चहा मागवला. रेशमी बातिकचा सदरा, भिंतीवर हॉलंडमधले फोटो. दोन हजार एकवीसचं सबंध वर्ष तो तिकडच्या विद्यापीठात पाहुणा होता. जगात महामारी चालू असताना मी कालव्याकाठी फौजदारी कायदा वाचत बसलो होतो, असं तो हसत सांगायचा. परत आल्यावर महिन्याभरात डीन झाला.

पालुपी त्याला बहिणीसारखी होती म्हणे. कबुलीजबाबांची कल्पना मुळात त्याची, वीस वर्षांपूर्वी कँटीनमध्ये बोलता बोलता सुचलेली. तिने फक्त माहिती गोळा केली. मेहनती बाई, फार मेहनती. पण सिद्धान्त मांडायला वेगळी नजर लागते.

हर्जोनोने चहाला हात लावला नाही. सही केव्हा केली, असं त्याने विचारलं.

“नऊ फेब्रुवारी. सकाळी दहाच्या सुमाराला. इथेच बसल्या होत्या, तुमच्याच खुर्चीत. गुंतूर होता साक्षीला.”

“तो गुरुवार होता.”

“असेल.”

“सोमवारी आणि गुरुवारी ती सात ते बारा यंत्रावर असायची. सुया टोचलेल्या. मी बाहेर बाकावर असायचो.”

बस्कोरोने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, की दुपार असेल. इतक्या गडबडीत घड्याळ कोण बघतं. आणि आवाज जरा खाली आणून त्याने एक प्रस्ताव ठेवला. पुस्तक छापताना पहिल्या पानावर ‘दिवंगत सहकारी डॉ. पालुपी यांच्या स्मृतीस’ अशी ओळ घालू. समारंभात हर्जोनोला दुसऱ्या रांगेत खुर्ची.

“मूळ कागद बघायचाय,” हर्जोनो म्हणाला.

“बघा की. तुम्ही न्यायालयातलं माणूस. तुमची खात्री पटू दे.” बस्कोरोने घंटी वाजवून प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद मागवला. आणणाऱ्या मुलीला म्हणाला, “मला या कारकुनी गोष्टींतलं काही कळत नाही, पाकना काय हवं ते दाखव.”

हर्जोनोने कागद उजेडाकडे धरला. सही निळ्या शाईची, ठाम, एका दमात केलेली. फेब्रुवारीत पालुपीला चमचा धरवत नव्हता. पण सही थरथरत नाही म्हणजे खोटी, असं कुठलंही न्यायालय मानणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मग त्याने सहीखाली पाहिलं. झेरॉक्समध्ये जो एकच रुंद डाग दिसत होता, तो एक मुद्रांक नव्हता. दोन होते, शेजारी शेजारी. जुने, लहान किमतीचे. दुसऱ्याची कड पहिल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चढवलेली.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ती चढवलेली कड ओळखीची वाटली, पण कुठली ते त्याला तेव्हा समजलं नाही. मुद्रांकांचं मात्र समजलं. त्याने कागद परत दिला, आभार मानले आणि बाहेर पडला.

बस्कोरोने स्वतःच्या हाताने त्याला पुरावा दाखवला होता.

४

गुंतूर वकिलाचं ऑफिस न्यायालयासमोर, फोटोकॉपीच्या दुकानावर होतं. तो पालुपीचा विद्यार्थी. पुढे तिला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून खटल्यांत बोलवायचा. ती आजारी पडल्यावर बस्कोरोला बोलवू लागला. बस्कोरो साक्षीच्या पिंजऱ्यात चांगला दिसायचा आणि कुठल्याही बाजूने बोलायचा.

त्याने हर्जोनोला बघताच खुर्ची पुढे केली. हो, साक्षीदार म्हणून सही माझीच, असं सांगितलं. बू पालुपींनी समोर सही केली का, यावर तो मोघम बोलू लागला. बराच काळ झाला, कामं फार असतात, डीनसाहेबांवर विश्वास होता.

हर्जोनोने त्याला मध्येच थांबवलं.

“गुंतूर, दोन हजार एकवीसमध्ये तू माझ्या खिडकीवर रोज उभा असायचास. त्या वर्षी मुद्रांकांचं काय झालं होतं, सांग.”

गुंतूरने पेनाशी चाळा केला. सांगायची गरजच नव्हती. केर्तोसारीत ज्याने ज्याने त्या वर्षी एखादा करार केला, त्या प्रत्येकाला ते माहीत होतं. नवा मोठ्या किमतीचा मुद्रांक निघाला होता. जुने संपवायला सरकारने एकच वर्ष दिलं होतं. तेवढ्यापुरते दोन जुने जोडून लावलेले चालायचे. एकवीसचा डिसेंबर संपला आणि जुने मुद्रांक रद्दीत गेले. दोन हजार बावीसमध्ये हर्जोनोने स्वतः असे कागद खिडकीतून परत केले होते. दोन हजार तेवीसमध्ये दोन जुने मुद्रांक शोधून लावणारा माणूस या शहरात नव्हता.

एक अपवाद होता. ज्याने ते वर्ष इथे काढलंच नाही, ज्याला दोन मुद्रांकांत वावगं काही दिसणार नाही, असा माणूस.

“म्हणजे सही एकवीस सालची आहे,” हर्जोनो म्हणाला. “मजकूर नंतरचा. एकवीसची तारीख घालता आली नसती, कारण मजकुरात तो डीन आहे. तेव्हा तो डीन नव्हता आणि देशातही नव्हता. त्याला हे दिसलं नाही. पण तू वकील आहेस. तुला पहिल्या नजरेत दिसलं असणार.”

गुंतूर हसला. लाजून नव्हे, पकडलं गेल्यावर हुशार माणूस हसतो तसा.

“दिसलं होतं ना. म्हणून तर सही केली, पाक. असा कागद ज्याच्या नावावर आहे, तो डीन मला जन्मात नाही म्हणणार नाही. प्रत्येक खटल्याला येईल. मी सांगेन ते बोलेल.”

“तिने तुला शिकवलं.”

“खूप चांगलं शिकवलं. पण बू पालुपी पोटाला उपयोगी पडायच्या नाहीत. चार प्रश्न विचारले की आपल्याच अशिलाच्या विरुद्ध खरं बोलायच्या.”

हर्जोनो उठला. टेबलावरची काचेची पाटी उचलून याच्या तोंडावर हाणावी, असं त्याच्या मनात आलं. चौसष्टाव्या वर्षी प्रथमच असं काही मनात आलं होतं. तो जिना उतरून खाली आला, फोटोकॉपीच्या यंत्राच्या घरघरीत उभा राहिला, आणि तिथे त्याला खरा प्रश्न सुचला.

पोलीस ठाण्यातल्या एकसष्ट माणसांना मारून कोऱ्या कागदावर सही घेतली होती. पालुपीकडून कोणी घेतली? जी बाई आयुष्यभर याच गोष्टीविरुद्ध लिहीत होती, तिने कोऱ्या कागदावर सही केलीच कशी?

५

उत्तर विभागाच्या आवक-जावक खिडकीत होतं. तिथे बू सुमियाती बसायची. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत, एकाच लोकरी उशीवर. कारकून कारकुनाला ओळखतो. हर्जोनोने नुसतं विचारलं, की एकवीस सालची प्रतिज्ञापत्रांची वही आहे का, आणि तिने कपाळाला आठी न घालता ती काढून दिली.

त्या वर्षाच्या जुलैत पालुपीच्या नावापुढे चार नोंदी होत्या. संशोधन अनुदानाची चार प्रतिज्ञापत्रं. सुमियातीने जाडजूड बाड उघडून ती चारही समोर ठेवली. प्रत्येकावर दोन जुने मुद्रांक. प्रत्येकात दुसऱ्याची कड पहिल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चढवलेली, म्हणजे कोणी एखादा उचकटून पुन्हा वापरू नये.

असे मुद्रांक लावायची सवय न्यायालयातल्या एकाच शिरस्तेदाराला होती.

हर्जोनो खिडकीपाशी खाली बसला. सुमियाती घाबरून पाणी घेऊन आली.

त्याला सगळं आठवलं. खरं तर तो ते कधी विसरला नव्हता, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसला होता. एकवीसचा जुलै. पालुपीची मूत्रपिंडं पहिल्यांदा ढासळली तो महिना. रुग्णालयं महामारीने भरलेली, आत जायला फक्त एका नातेवाइकाला परवानगी. विभागातून निरोप आला, की मुदत संपतेय, मजकूर अजून ठरायचाय, पण मुद्रांक लावलेल्या पाच कागदांवर सह्या पाठवा, आम्ही इथे छापून घेतो. सगळे प्राध्यापक तसंच करत होते, आधीपासून करत होते. हर्जोनोने टपाल कार्यालयाच्या रांगेत उभं राहून मुद्रांक आणले, घरी बसून नीट लावले, आणि पाच कोरे कागद तिच्या पलंगावर ठेवले.

तिने नको म्हटलं होतं. नवऱ्याला ती लाडाने ‘मास’ म्हणायची.

“मास, कोऱ्यावर सही? मी अकरा वर्षं काय लिहितेय?”

“अगं, पोलीस आहेत का ते? आपलीच माणसं आहेत,” तो म्हणाला होता. आणि तिच्या हातात पेन दिलं होतं.

पाच कागद. वहीत चार. हर्जोनोने पाचव्याचं विचारलं तेव्हा सुमियातीने डोळे मिटून आठवलं. पाचवा उरला होता, तो तिने बू पालुपींच्या पाकिटात जपून ठेवला होता, परत देऊ म्हणून. मग त्या गेल्या. मे महिन्यात डीनसाहेब स्वतः खिडकीवर आले. बू पालुपींचं काही राहिलं असेल तर घरी पोचवतो म्हणाले. तिने पाकीट दिलं, वहीत नोंद केली, त्यांची सही घेतली.

“डीनची सही घेतलीस?”

“पाक, माझ्या खिडकीतून गव्हर्नर जरी पाकीट घेऊन गेला तरी सही करून जाईल.”

तिने पान उलटून दाखवलं. १६ मे २०२३. पालुपीला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

६

गुरुवारी हर्जोनोच्या तक्रारीवर विद्यापीठाच्या सिनेटची नैतिकता समिती बसली. समारंभाला दोन दिवस होते. फाटकाबाहेर अभिनंदनाचे फुलांचे फलक उभे राहू लागले होते, माणसाहून उंच. बँकेचा, वकील संघटनेचा, पोलीसप्रमुखांचा. हर्जोनो त्यांच्या रांगेतून चालत आत गेला.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, औषधशास्त्राच्या. कायद्यातलं कळत नाही, सावकाश सांगा, असं त्यांनी आधीच बजावलं. हर्जोनोला सावकाशच सांगायचं होतं. त्याने चार प्रतिज्ञापत्रं टेबलावर ओळीने ठेवायला लावली, शेजारी बस्कोरोचं संमतिपत्र. मुद्रांक दाखवले. ते कुठल्या वर्षी चालत होते, कधी बंद झाले, हे सांगितलं. डायलिसिसच्या खोलीची नोंद ठेवली: नऊ फेब्रुवारी, सात ते बारा. वहीतली सोळा मेची ओळ वाचून दाखवली. मग भिंग मागवलं. छापील मजकुराची शेवटची ओळ सहीच्या मोठ्या वळशाला जिथे छेदत होती, तिथे काळी छपाई निळ्या शाईच्या वर बसली होती. सही आधी, मजकूर नंतर.

अध्यक्षबाईंनी भिंगातून पाहिलं. त्यांच्या शेजारच्याने पाहिलं.

बस्कोरो शांत बसला होता. आपली पाळी येईपर्यंत त्याने बोट हलवलं नाही. मग उठला आणि फौजदारी कायद्याचा तास घ्यावा तसा बोलू लागला. समजा, हे सगळं खरं धरलं. मग पहिला प्रश्न हा, की कोऱ्या कागदावर सही घेतली कुणी? बाई रुग्णशय्येवर होत्या, औषधांच्या गुंगीत होत्या. तिथे जायची परवानगी एकाच माणसाला होती. म्हणजे या चारही प्रतिज्ञापत्रांवरच्या सह्यासुद्धा कोऱ्यावर घेतलेल्या. ती चारही खोटी ठरतात. अनुदान गैरमार्गाने घेतलं असं ठरतं. डॉ. पालुपींचं नाव या विद्यापीठाच्या दप्तरात कायमचं डागाळतं.

तो हर्जोनोकडे वळला. आवाज मऊ होता, समजावणीचा.

“पाक हर्जोनो, तुम्ही तक्रार मागे घ्या. मी तुमच्यासाठी सांगतोय, बू पालुपींसाठी सांगतोय. समितीला हे मान्य करायला लावू नका.”

अध्यक्षबाईंनी हर्जोनोला थांबायला सांगितलं. त्यांचा चेहरा काळजीचा झाला होता. त्या म्हणाल्या, की तुम्ही उत्तर द्यायला बांधलेले नाही. आज तक्रार मागे घेतलीत तर ती सहा प्रकरणं डॉ. बस्कोरोंच्या नावावर जातील, पण तुमच्या पत्नीच्या नोंदीला धक्का लागणार नाही. आज बोललात, तर पुस्तक तुमच्या पत्नीचं ठरेल, पण हेही लिहिलं जाईल.

हर्जोनोने बस्कोरोकडे पाहिलं. पुस्तकातलं सातवं प्रकरण गाळणारा हा माणूस. गाळण्यापूर्वी ते त्याने वाचलं असणार. कोऱ्या कागदाची युक्ती कशी चालते, माणूस सही कशी देतो, नंतर गप्प का बसतो, हे सगळं पालुपीने त्यात पायरी पायरीने लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, आणि शिकला. आणि शेवटच्या पायरीवर, म्हणजे माणूस लाजेने गप्प बसतो या पायरीवर, आत्ता उभा राहून तो वाट बघत होता.

“लिहून घ्या,” हर्जोनो म्हणाला. “पाच कागद मी आणले. मुद्रांक मी लावले. ती नको म्हणाली, तरी पेन तिच्या हातात मी दिलं. ती गुंगीत नव्हती. ती शुद्धीत होती आणि मला शरण गेली, कारण मी तिचा नवरा होतो आणि न्यायालयात शिरस्तेदार होतो. चार कागदांवर खरा मजकूर छापला गेला, पाचव्यावर खोटा. पहिल्या चारांचा दोष माझा. पाचवा याचा. दोन्ही लिहा. आधी माझं लिहा.”

बस्कोरोने हसायचा प्रयत्न केला. भावनेच्या भरात दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून कितपत धरायचा, असं काहीतरी तो बोलू लागला. तेव्हा मागच्या रांगेतून तियास उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. फेब्रुवारीत बू पालुपी डीनच्या खोलीत एकदाही आल्या नाहीत, खोकी डीननी मे महिन्यात नेली, आणि हे मला लेखी द्यायचंय, एवढं ती एका श्वासात म्हणाली. मग खाली बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

समितीच्या कारकुनाने हर्जोनोचा जबाब टंकून आणला. दोन पानं होती. हर्जोनोने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, एका तारखेची चूक दाखवून पान पुन्हा टंकायला लावलं. बस्कोरो घड्याळ बघत होता. सगळी खोली थांबली होती. हर्जोनोने नवं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि मग सही केली.

७

समारंभ ‘प्रशासकीय कारणांमुळे’ पुढे ढकलल्याचं पत्रक शुक्रवारी निघालं. बस्कोरोला तुरुंग झाला नाही. डीनपद गेलं, गुरुबेसारचा प्रस्ताव राजधानीतून परत मागवला गेला, आणि तो दुसऱ्या बेटावरच्या कुठल्याशा विद्यापीठात सल्लागार झाल्याचं कानावर आलं. गुंतूरला वकील संघटनेने समज दिली. त्याचं ऑफिस अजून फोटोकॉपीच्या दुकानावरच आहे. विद्यापीठाने पालुपीला मरणोत्तर मानपत्र द्यायची तयारी दाखवली. ती जिवंत होती तेव्हा तीनदा परत पाठवलंत, आता कागद तुमच्याकडेच ठेवा, असं हर्जोनोने कळवलं. पहिल्या चार प्रतिज्ञापत्रांवर लाल शेरा मारला गेला. तो तिच्या नोंदीत राहील.

खोकी घरी आली. तियास दर रविवारी येऊ लागली. हर्जोनो तिच्याशी फारसा बोलत नसे. राग गेला नव्हता, आणि गेल्याचं नाटक त्याला जमत नव्हतं. तो चहा ठेवायचा, सोयाबीनचं तळलेलं तेंपे पुढे सरकवायचा. ती टेबलाच्या एका टोकाला सातवं प्रकरण तपासत बसायची, तो दुसऱ्या टोकाला खटल्यांचे क्रमांक मूळ टिपणांशी पडताळत बसायचा.

एका रविवारी तिने विचारलं, की सातव्या प्रकरणाच्या शेवटी हे प्रकरणही जोडायचं का. विद्यापीठातला कोरा कागद. बू पालुपींच्या पद्धतीनेच मांडता येईल, सही कशी घेतली, कुणी घेतली, पुढे काय झालं. हर्जोनोने होकारार्थी मान हलवली. ती दिवसभर लिहीत होती. संध्याकाळी तिने पानं त्याच्यापुढे ठेवली.

त्याने वाचली. एका ठिकाणी बोट थांबलं.

“इथे नुसतं ‘ह.’ का लिहिलंस?”

“बू पालुपींचा नियम होता, पाक. पुस्तकात कुठल्याही आरोपीचं पूर्ण नाव नाही. एकसष्ट जणांचीही फक्त आद्याक्षरं आहेत.”

“त्यांना मारलं होतं,” हर्जोनो म्हणाला. “मला कुणी मारलं नव्हतं. पूर्ण नाव घाल.”